नाव नवेगाव, वय तीनशे

मैत्रिणींनो, पाहुण्यांसमोर आपण एखादं वाक्य सहज बोलून जातो, सगळे हसतात, आणि मग तेच वाक्य आपल्याला रात्रभर टोचत राहतं. तुमचं झालंय का असं कधी? माझं झालं. त्या एका वाक्यापायी मी सासूबाईंना घेऊन प्रवासाला निघाले आणि घरापासून साठ-पासष्ट किलोमीटरवरचं एक गाव पहिल्यांदा डोळे उघडून पाहिलं. त्या गावाची ही गोष्ट.

झालं असं की, मागच्या दिवाळीत जाऊबाईंची लेक आणि जावई जर्मनीहून आले होते. फराळ झाला, चहा झाला, मग मोबाइलवर फोटो दाखवणं सुरू झालं. ते राहतात त्या शहराजवळ एक इवलंसं खेडं आहे म्हणे. एक चर्च आणि दहा-पंधरा घरं. पण घरं कशी? दोन-तीनशे वर्षांची! काळ्या लाकडांची चौकट, मधल्या भिंती पांढऱ्याशुभ्र, खिडक्यांत लाल फुलांच्या कुंड्या, आणि दारावरच्या तुळईवर घर बांधल्याचं साल कोरलेलं. आम्ही सगळ्या बघतच राहिलो. जावई कौतुकाने म्हणाले, “काकू, तुमच्याकडे असं जुनं काय आहे बघण्यासारखं?”

मी पटकन बोलून गेले, “आमच्या गोंदियात कुठलं आलंय जुनं! तांदळाच्या गिरण्या, रेल्वेचं जंक्शन आणि दुपारची झोप!”

सगळे हसले. कोपऱ्यात वाटाणे सोलत बसलेल्या सासूबाई तेवढ्या हसल्या नाहीत. रात्री मी त्यांना पाणी द्यायला गेले तेव्हा त्या हळूच म्हणाल्या, “माह्या माहेरच्या बांधाले तीनशे वर्षं झाली, बाई. तुले कोनी सांगतलं नाही?”

कुणी सांगितलं नाही कसं! त्यांनीच सांगितलं होतं. लग्न होऊन मी या घरात आले तेव्हापासून सांगत होत्या. मी पोळ्या लाटता लाटता “हो का, हो का” करत होते, एवढंच. आता त्यांचे गुडघे दुखतात, जिना चढवत नाही. माहेरी कुणी राहिलेलं नाही. “एकदा बांध पाहून येऊ” हे त्यांचं किती वर्षांचं मागणं, आणि ते नेहमी मुलांच्या परीक्षा, पाहुणे, लग्नसराई यांच्या मागे ढकललं गेलेलं. त्या रात्री मी ठरवलं की आता बहाणे पुरेत.

त्यांचं माहेर नवेगावबांधच्या शेजारच्या एका खेड्यात. नवेगावबांध हे गोंदिया जिल्ह्यातल्या अर्जुनी मोरगाव तालुक्यातलं गाव. १ मे १९९९ ला भंडाऱ्यातून गोंदिया जिल्हा वेगळा झाला, त्यामुळे जुन्या पुस्तकांत ते भंडारा जिल्ह्यातच सापडेल.

डिसेंबरातल्या एका सकाळी आम्ही निघालो. धान कापून झालेलं होतं. शेतांत पुंजण्यांचे ढीग, कुठे मळणी चाललेली, रस्त्याच्या कडेला धान वाळत घातलेलं. कोहमारा ओलांडून गाडी दक्षिणेला वळली आणि जंगल दिसू लागलं तसा सासूबाईंचा आवाजच बदलला. एरवी आमच्यासारखं शहरी बोलणाऱ्या त्या, तिथून पुढे सरळ झाडीपट्टीची बोली बोलू लागल्या. “हे मोहाचं झाड पाय, ते टेंबराचं पाय,” करता करता एकदम गप्प झाल्या. समोर टेकड्या आल्या होत्या आणि टेकड्यांच्या मधे पाणी.

आता नावातली गंमत पाहा. गावाचं नाव ‘नवे गाव’, आणि वय म्हणाल तर तीनशेच्या घरात! आणि पुढचं ‘बांध’ म्हणजे हा तलाव. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला कोलू पाटील कोहळी नावाच्या माणसाने तो बांधला. नागपूरच्या भोसल्यांचं राज्य या भागात येण्याच्या आधीची ही गोष्ट, तेव्हा इथे गोंड राजांचा अंमल होता. पुढे भोसले आले, १८५४ ला त्यांचं राज्य खालसा करून इंग्रज आले, तेही गेले. तलाव आहे तिथेच आहे.

तुम्ही म्हणाल, तलाव म्हणजे काय वास्तू झाली का? मलाही आधी तसंच वाटलं होतं. पण जरा ऐका. दोन टेकड्यांच्या मधे जी मोकळी जागा होती ती या लोकांनी मातीने बुजवली. ती भिंत म्हणजे पाळ. इंग्रजांच्या काळच्या गॅझेटियरात तिची लांबी ६२५ यार्ड दिली आहे, म्हणजे सुमारे पावणेसहाशे मीटर. एवढ्या एका भिंतीने जे पाणी अडलं त्याचा पसारा त्याच गॅझेटियरात ५ चौरस मैल आणि काठाने फेरी मारायची तर १७ मैल असा नोंदलेला आहे. मधोमध एक बेट आहे, त्याला मालडोंगरी म्हणतात. यंत्र नाही, सिमेंट नाही. टोपल्यांनी वाहिलेली माती आणि जमीन वाचणारी नजर, एवढंच भांडवल. खरं शहाणपण जागा निवडण्यात आहे. बाकीच्या बाजूंना टेकड्यांचीच भिंत मिळाली, माणसांनी फक्त उघडं दार तेवढं लावलं!

हे कोहळी लोक मोठे तलाव बांधणारे. वैनगंगेच्या खोऱ्यातल्या तलावांमागे त्यांचीच विद्या आहे. चांद्याचा एक गोंड राजा काशीयात्रेला गेला आणि परतताना त्यांना तिकडून घेऊन आला, अशी त्यांच्यात परंपरेने सांगत आलेली कथा आहे. गोंड राजांची रीतही मोठी हुशारीची होती. जो तलाव बांधील त्याला त्या पाण्याखाली भिजणारी जमीन कसायला मिळायची. मग माणूस जीव ओतून काम करणार नाही तर काय! धान आणि ऊस ही कोहळ्यांची आवडती पिकं, आणि दोन्हींना पाणी लागतं भरपूर.

पाळीवर चढायला सासूबाईंना वेळ लागला. एक हात माझ्या खांद्यावर, एक काठीवर. वर पोचल्यावर त्यांनी मला तलाव शिकवला. हो, शिकवलाच म्हणते मी, कारण घरातल्या भांड्याकुंड्यांसारखे त्याचे एकेक भाग त्यांना ठाऊक होते. ही पाळ. पाणी शेताकडे सोडायची मोरी ते तुडूम. तलाव काठोकाठ भरला की जादा पाणी पाळ न फोडता बाजूने निघून जावं म्हणून केलेली वाट ती सलंग. या भागात असे तलाव एकाखाली एक असतात. वरच्या तलावाचं सांडलेलं पाणी खालच्या तलावात, तिथून पुढच्या बोडीत. बोडी म्हणजे शेतातलं छोटं तळं. आपण नाही का, तांदूळ धुतलेलं पाणी भाजीला आणि भाजी धुतलेलं पाणी तुळशीला घालत? तसंच.

आणि या पाण्याची गरज पडते कधी? आषाढात पऱ्हे लावले, रोवणा झाला, बायका दिवसभर चिखलात कमरेत वाकून हातांनी धान लावून मोकळ्या झाल्या, आणि मग भाद्रपद-आश्विनात पाऊस दडी मारतो. नेमकं तेव्हा धान पोटरीला आलेलं असतं. अशा वेळी तुडूम उघडायचं. पाणी पाटातून पहिल्या बांधीत, तिचा धुरा फोडून दुसरीत, असं शेतामागून शेत भिजवत जातं. सासूबाई म्हणाल्या, “ज्या वर्षी पानी उतरलं नाही, त्या वर्षी माह्या मायच्या हातात नवीन बांगडी नाही.” सिंचनाचं एवढं सोपं गणित मला कुठल्या पुस्तकात मिळालं नव्हतं.

तलावाभोवतीच्या टेकड्यांना सात बहिणी म्हणतात. त्या देवता आहेत. कोलू पाटलाचं काम पुरं व्हायला या सात बहिणींनी मदत केली, अशी इथली श्रद्धा. कोलू पाटीलही पुढे देव झाला. कोलासूर देव म्हणून त्याचं ठाणं इथल्याच एका टेकडीवर आहे. माणसाने पाणी अडवलं म्हणून गावाने त्याला देव केलं, ही गोष्ट मला फार आवडली.

मी सासूबाईंना विचारलं, “आई, सात बहिणींनी मदत केली म्हणजे नेमकं काय केलं हो?”

त्या हसल्या. म्हणाल्या, “मदत केली म्हनतेत. पन कोनी किती टोपल्या माती टाकली, ते कोनी लिवून ठेवलं नाही. पाटलाचं नाव रायलं. बायांच्या टेकड्या झाल्या.”

मैत्रिणींनो, मी त्यावर काही बोलू शकले नाही. टोपल्या वाहणाऱ्या हातांत बायकांचे हात किती असतील, याचा हिशोब तुम्हीच करा. आजही मातीकामावर जाऊन बघा, टोपली कुणाच्या डोक्यावर असते?

आता या तलावांची पुढची हकिकत ऐका, कारण ती आपल्या संसारासारखी आहे. इंग्रजांनी १८६० नंतरच्या बंदोबस्तात गावांची मालकी मालगुजारांना दिली, आणि गावोगावचे तलाव मालगुजारी तलाव झाले. पाण्याचा हक्क कुणाचा आणि डागडुजी कुणी करायची याचे रिवाज ‘वाजिब-उल-अर्ज’ नावाच्या दप्तरात लिहिलेले असत. उन्हाळ्यात गाळ काढायचा, पावसाच्या आधी पाळ बघायची, तुडूम नीट करायचं, हे गावाचं ठरलेलं काम. मालगुजारांचा जाच नव्हता असं मी म्हणणार नाही. तो होताच, आणि १९५१ साली मालगुजारी संपली ते बरंच झालं. तलाव सरकारच्या ताब्यात गेले. कागदावर ‘माजी मालगुजारी’ लिहिता लिहिता त्यांचं ‘मामा तलाव’ झालं!

पण मामाचं घर सगळ्यांचं असलं तरी झाडून कोण काढणार? जुना रिवाज मोडला आणि त्याची जागा घेणारी नवी घडी बसली नाही. मालक सरकार, मग दुरुस्तीही सरकारच करील, असं गाव म्हणू लागलं. सरकारजवळ हजारो तलाव आणि हात मोजके. अनेक तलाव गाळाने भरले. काठावर बेशरम माजली. ही बेशरम तुम्ही पाहिलेली असेल. जांभळट फुलांची, तोडावी तितकी फुटणारी. नाव अगदी शोभतं तिला! पाणी उथळ झालं तसे मासे घटले, आणि ज्यांचं पोट माशांवर आणि शिंगाड्यांवर चालतं त्या ढिवर कुटुंबांची चूल त्याचबरोबर मंदावली. आपण उपासाला शिंगाड्याचं पीठ आणतो ना, त्या शिंगाड्याच्या मागेही असाच कुठलातरी तलाव आणि त्यात छातीभर पाण्यात उतरलेली माणसं असतात.

यातली आनंदाची गोष्ट अशी, की गेल्या काही वर्षांत भंडारा-गोंदियातल्या काही गावांत ढिवर समाजाच्या बायका पुढे आल्या आहेत. त्यांनी पदर खोचून बेशरम मुळासकट उपटली, माशांना अंडी घालायला आणि खायला लागणाऱ्या देशी पाणवनस्पती पुन्हा लावल्या, आणि त्या तलावांत मासे आणि पाखरं परतू लागली. सात बहिणी काही संपलेल्या नाहीत म्हणायच्या!

दुपारी आम्ही सासूबाईंच्या माहेरच्या खेड्यात गेलो. त्यांचं घर आता दुसऱ्यांचं आहे. पण त्या घरच्या सुनेने ओसरीवर चटई टाकली आणि चहा दिला. घराचा मागचा भाग अजून जुनाच आहे. लाकडाच्या बल्ल्या, मधे विणलेला कूड, त्यावर मातीचा लेप आणि वर कवेलू. मी भिंतीवर हात ठेवला आणि मला एकदम जर्मनीचे ते फोटो आठवले. अहो, ती घरंही आतून अशीच असतात! लाकडाची चौकट, तिच्यात विणलेल्या काटक्या, आणि त्यावर गवत मिसळलेला मातीचा गिलावा. वरचा चुना तेवढा पांढरा. म्हणजे त्या जर्मन खेड्यातल्या कुणा आजीबाईने आणि माझ्या सासूबाईंच्या आजीने भिंतीला जवळजवळ तोच लेप लावला होता. तिकडचं घर जपत आणलं म्हणून ते ‘ऐतिहासिक’ झालं. इकडचं आपण ‘कच्चं घर’ म्हणून पाडलं.

मी घरच्या सुनेला विचारलं, “हे कसं टिकलं हो?” ती म्हणाली, “दरवर्षी पावसाआधी कवेलू फेरतो, दिवाळीआधी भिंत सारवतो. एक वर्ष चुकलं की वाळवी लागते.” झालं! मला हवं होतं ते उत्तर मिळालं. तुमचं आमचं घर असो, जर्मनीचं असो की तीनशे वर्षांची पाळ असो, बांधणाऱ्याचं नाव एकदाच लिहिलं जातं आणि सारवणं दरवर्षी करावं लागतं.

संध्याकाळी परत एकदा पाळीवर गेलो. पाण्यावर हिवाळी पाहुणी बदकं उतरली होती. या तलावाच्या परिसराला थोर पक्षितज्ज्ञ डॉ. सलीम अली यांचं नाव दिलेलं आहे. आपले मारुती चितमपल्ली इथेच वनाधिकारी होते. इथलं रान, पाखरं आणि माणसं त्यांच्या लेखनातून महाराष्ट्रभर पोचली. २०२५ ला त्यांना पद्मश्री मिळाली आणि त्याच वर्षी ते गेले.

सासूबाई बराच वेळ पाण्याकडे बघत उभ्या होत्या. मग एकाएकी वाकल्या. ज्यांना देवापुढचा दिवा लावायला वाकवत नाही, त्या वाकल्या, आणि काठावर नुकतंच फुटलेलं बेशरमचं एक रोप त्यांनी दोन्ही हातांनी मुळासकट उपटलं. मी म्हटलं, “आई, राहू द्या हो, एकाने काय होणार?” तर म्हणाल्या, “माह्या वाट्याचं तं झालं.”

मग मी कशी उभी राहणार? मीही पदर खोचला. अर्धा तास आम्ही दोघी सासू-सुना त्या काठावर बेशरम उपटत होतो. ड्रायव्हर लांबून बघत होता, त्याला काय वाटलं असेल देव जाणे!

रात्री घरी आल्यावर मी पाळीवरचा आमच्या दोघींचा फोटो जर्मनीला पाठवला. खाली लिहिलं, “आमच्याकडचं जुनं. वय तीनशे वर्षं.” थोड्या वेळाने जावयांचा निरोप आला, “फोटो छान आहे काकू, पण यात इमारत कुठे आहे?” मी उत्तर दिलं, “आम्ही उभ्या आहोत ना, तीच.” पुढच्या खेपेला त्यांनाही घेऊन जायचं ठरलं आहे. वाट दाखवायला सासूबाई आहेतच.

तुम्हाला जायचं असेल तर थोडं कामाचं सांगते. डिसेंबर-जानेवारीत जावं. हवा छान असते आणि पाखरंही असतात. गोंदियाहून बल्लारशाकडे जाणाऱ्या रेल्वेमार्गावर देवलगाव हे जवळचं स्टेशन. ही पूर्वीची छोटी लाइन, आता मोठी झाली आहे. गाडीने जायचं तर राष्ट्रीय महामार्गावरच्या कोहमाऱ्याहून आत वळायचं. भोवतालचं जंगल १९७५ पासून राष्ट्रीय उद्यान आहे आणि २०१३ पासून नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्पात आहे, तेव्हा जंगलात फिरण्याच्या वेळा आणि परवानगी आधी विचारून घ्यावी. सोबत गरम शाल, पाण्याची बाटली आणि घरून केलेल्या दशम्या असू द्याव्यात. वडीलधारी बरोबर असतील तर काठी विसरू नये. वेळ असेल तर त्याच तालुक्यातलं प्रतापगडही बघावं. तिथे महाशिवरात्रीला मोठी यात्रा भरते आणि डोंगराच्या पायथ्याशी दर्गाही आहे. जवळच तिबेटी लोकांची वसाहत आहे. देश सोडून आलेल्या त्या कुटुंबांनी १९७२ पासून इथे संसार मांडला आहे. कागद आणि पिशव्या मात्र काठावर टाकू नका.

आणि जाण्याआधी घरातच एक काम करा. सासूबाई, आई, आजी, जी कुणी असेल तिला आज दुपारी विचारा, “तुमच्या गावात जुनं काय होतं हो?” पोळ्या लाटता लाटता नको. हात पुसून, समोर बसून विचारा. माझ्याकडून त्याला तीस वर्षं उशीर झाला.